नव्या डीव्हीडीतून कापलेला मशालवाला

मित्रांनो, आज दुपारी दर्यापुरात एक भयपट पाहिला. अजून संताप जात नाही.

आमच्या गावात फार वर्षांपूर्वी चित्रीकरण झालेला तो गाजलेला भुताचा सिनेमा आता नव्या डीव्हीडीवर आलाय. म्हणून शेजारच्या विमलकाकूंना सलीमभाईंच्या डीव्हीडीच्या दुकानात नेलं. काकूंचे यजमान कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन गेले. त्या सिनेमात मशाली घेऊन भुतामागे धावणाऱ्या गर्दीत ते होते. जुनी कॅसेट बुरशीनं खराब झाल्यापासून काकूंनी त्यांना हलता-हसताना पाहिलेलं नाही.

"पुरं गाव भुताच्या मांगं पयते," काकू वाटेत सांगत होत्या, "अन् आमचं ध्यान दात काढून राह्यलं!"

पडद्यावर भूत आलं, किंचाळलं. लगेच सकाळ झाली.

"सलीमभाऊ, मांगं घ्या न. मशाली कावून नाही दिसून राह्यल्या?"

सलीमभाईंनी पुन्हा पुन्हा मागे घेतलं. मग डबीवरचं वाचलं. "काकू, लंबे सीन काटून टाकले म्हन्ते. नव्या लोकायले बोर होते."

काकू पदर सावरत उठल्या. "राहू द्या. भूत तं ठेवलं न त्यायनं?"

शेतातून माणूस गेला तेव्हा सगळे गप्प होते. आता पडद्यावरूनही गेला, तोही कंटाळवाणा म्हणून!

कुणाच्या माळ्यावर जुनी कॅसेट उरली आहे का? आशा नाही, तरी विचारतो. मशालींच्या गर्दीत हसणारा एकच माणूस दिसेल. तेच आमचे काका.