गाबोळी विकायची नाही

बोरिवलीच्या बाजारात कोपऱ्यावर बसणारी ती कोळीण भावात घासाघीस करू देते, पण सुरमईच्या पोटातून अंड्यांची गाबोळी निघाली, की ती लगेच पिशवीत गुंडाळून मागच्या टोपलीत टाकते. कितीही मागा, देत नाही.

"नवऱ्याला आवडते वाटतं?" एकदा मी चिडून विचारलंच.

तिने कोयता फडक्याला पुसला. "आवडायची ना. जरा करपली की तापलेलं उलथनं माझ्या पाठीवर. शेवटी कोर्टात गेले. शिक्षा झाली त्याला. सुटून किती वर्षं झाली, पण अजून वॉचमनचीही नोकरी मिळत नाय. पोलीस व्हेरिफिकेशनला अडतं. दहिसरला भावाकडे पडून असतो. नणंद येऊन रडते, तुझ्यामुळे त्याची वाट लागली म्हणते."

"मग तुम्ही काय म्हणता, मावशी?"

"चहा देते तिला. हात त्याने उचलला, मी नाय." मग ती एकदम मोकळं हसली. "काल परत करपली, बाय. सगळी एकटीने खाल्ली, टीव्ही बघत."

आता मी गाबोळी मागत नाही. पैसे देताना फक्त विचारते, "काल करपली का?"