तात्यांचं न्यूझीलंडचं मावंदं

आमचे तात्या खुर्चीत बसले की खुर्चीची मोटार व्हायची. रस्त्याच्या गोष्टी सांगताना त्यांचे दोन्ही हात आपोआप वर यायचे, वळण आलं की खांदा झुकायचा, आणि समोर बसलेल्या माणसालाही नकळत कडेला सरकावंसं वाटायचं. शाहूपुरीत पाण्याच्या पंपांचं दुकान होतं, कोडोलीला ऊस होता, पण नव्या माणसाला ओळख करून देताना ते यातलं काहीच सांगायचे नाहीत. "आपुन मूळचं ड्रायव्हर. बाकीचं सगळं पोटासाठी," असं म्हणायचे. तात्या आता नाहीत. ते माझे चुलते. त्यांना मूलबाळ नव्हतं, म्हणून मी लहानपणापासून त्यांच्याकडे आणि काकीकडेच वाढले.

गाडीची किल्ली तात्या कमरेच्या करदोट्याला बांधून ठेवत. झोपतानासुद्धा. गाडी धुवायची काकीनं, सीटकव्हरं शिवायची काकीनं, दसऱ्याला गाडीला हार आणि लिंबू-मिरची बांधायची काकीनं. किल्ली मात्र तात्यांची. "गाडीला एकाच हाताची सवय पायजे. हात बदलला की गाडी बिघडती," हे त्यांचं शास्त्र. या शास्त्रामुळे काकीची पंचाईत व्हायची. तिचं माहेर मलकापूर. तिची आई तिथं भावाकडे असायची, थकलेली, अंथरुणाला टेकलेली. लेकीला बघायचं म्हणून दाराकडे तोंड करून पडायची. काकी विचारायची, "अवो, आईकडं जाऊया का?" तात्या म्हणायचे, "रविवारी बगू." रविवारी दुकानाचं काही निघायचं, नाहीतर भाऊकीत बारसं असायचं. एसटीनं जाते म्हटलं तर तात्यांचा अपमान व्हायचा. "दारात गाडी असताना माझी बायकू एसटीत लोंबकळणार? लोक काय म्हंतील?" लोक काय म्हणतील याची तात्यांना फार काळजी. सासू काय म्हणत असेल याचा विचार मात्र त्यांनी कधी केला नाही.

खरं तर काकीला गाडी उत्तम यायची. लग्नाआधी भावाची जीप घेऊन ती आंबा घाटात जाऊन यायची. तिचं लायसन होतं, आणि ते ती मुदत संपायच्या आत न चुकता नवं करून घ्यायची. बँकेत ओळखपत्र म्हणून दाखवण्यापलीकडे त्याचा उपयोग मात्र झाला नव्हता.

शेजारचे एक जण टूरबरोबर युरोपला जाऊन आले आणि तात्यांच्या अंगात आलं. "मेंढरागत बशीत बसून कशाला जायाचं? आपुन सवता गाडी हाकायची." न्यूझीलंडला आपल्यासारखंच डाव्या बाजूनं चालवतात असं कळलं आणि तेच ठरलं. आम्ही तिघं गेलो. तिथं विमानतळावर गाडीच्या काउंटरवरच्या मुलीनं तात्यांचं लायसन हातात घेतलं, उलटंसुलटं केलं आणि परत दिलं. तात्यांकडे दुचाकीचं आणि ट्रॅक्टरचं लायसन होतं. तरुणपणी उसाच्या ट्रॉल्या ओढायला काढलेलं. मोटारीचं त्यांनी कधी काढलंच नव्हतं, कारण कोल्हापुरात त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. अडवणारा पोलीस एकतर कोडोलीकडचा निघायचा, नाहीतर पंपाचं गिऱ्हाईक.

मग काकीनं पर्समधून आपलं लायसन काढलं. मला सायकलसुद्धा धड येत नाही. त्यामुळे सगळा प्रवास काकीनं चालवून केला. डोंगर, तळी, पाऊस, बर्फाचे घाट, सगळं. तात्या डावीकडे बसून "सावकाश... सावकाश" म्हणत होते, आणि मेंढरं आडवी आली की हॉर्न वाजवायला काकीपुढून हात घालत होते. परतीच्या विमानात त्यांनी आम्हा दोघींना बजावलं, "झालं गेलं तकडंच ऱ्हाऊ दे. गावात न्ह्यायचं न्हाय." काकी मात्र कोल्हापुरात उतरताना खुशीत होती. मला हळूच म्हणाली, "आता किल्ली न्हाय म्हणायला तोंड न्हाय त्यास्नी. बुधवारी आईकडं जाऊन येते."

बुधवार आला आणि किल्ली करदोट्यालाच राहिली. काकीच्या हातात गाडी दिसली तर लोक विचारणार, हिला कधी यायला लागली, आणि तिथून सगळंच उसवत जाणार. म्हणून तात्या पुन्हा म्हणाले, "रविवारी बगू की."

आता तात्यांची वाक्यं मात्र सगळी 'तिकडं'नं सुरू व्हायला लागली. तिकडं कुणी हॉर्न वाजवत न्हाय. तिकडं माणूस दिसला की गाडी थांबती. एके दिवशी बाजारातून येताना झेब्रा पट्ट्यांवर त्यांनी करकचून ब्रेक दाबला आणि कडेला उभ्या असलेल्या म्हाताऱ्याला "जावा, जावा" म्हणून हातानं खूण केली. म्हातारा घाबरून मागे सरकला. उभ्या जन्मात त्याच्यासाठी कुणी गाडी थांबवली नव्हती, त्याला यात काहीतरी डाव वाटला. मागे रिक्षावाल्यांनी कल्ला केला. एकानं खिडकीशी येऊन विचारलं, "पावणं, पेट्रोल संपलं काय? ढकलू काय?" तात्या त्याला शिस्तीवर भाषण द्यायला लागले. तेवढ्यात म्हातारा दुसरीकडूनच, धावत्या गाड्यांमधून वाट काढत पलीकडे पोचलासुद्धा.

घरातही शिस्त आली. कोपऱ्यावर दूध आणायला जातानासुद्धा मागच्या सीटवर पट्टा. चपला एका रेषेत पार्क करायच्या. स्वयंपाकघराच्या दाराशी दोघं एकदम आले तर उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं. हा नियम तिकडच्या चौकातला. काकी कढई घेऊन यायची आणि तात्या रिकामे, पण उजवीकडून. काकी थांबायची. एकदा चटका बसल्यावर मात्र म्हणाली, "आधी सवताचं लायसन काढा. मग मला कायदा शिकवा." तात्यांनी दोन दिवस तिकडचं नाव काढलं नाही.

संध्याकाळी पाहुणे यायचे आणि नाव पुन्हा निघायचं. दिवाणखान्यात सतरंजी अंथरलेलीच असायची. काकी चहा करायची, तात्या गाडी चालवायचे. दर संध्याकाळी तिकडचे डोंगर थोडे उंच व्हायचे. पहिल्या आठवड्यात रस्त्याच्या कडेला असलेला बर्फ पुढच्या आठवड्यात रस्त्यावर आला आणि महिनाअखेरीस टपापर्यंत चढला. "गाडी अशी घसराय लागली. म्हटलं, आता काय खरं न्हाय. पर हात डगमगू दिला न्हाय. इचारा हिला." 'ही' म्हणजे मी. मी मान हलवायची. हात डगमगला नव्हता हे खरंच होतं. फक्त तो हात त्या वेळी आत कपबशा विसळत असायचा.

थोरल्या आत्यांना हे सगळं ऐकून भरून आलं. काशीयात्रा करून आल्यावर मावंदं घालायची आपल्याकडे रीत आहे. गंगेचा गडू पुजायचा, भाऊकीला जेवू घालायचं, मग यात्रा पुरी होते. आत्या म्हणाल्या, "समुद्र वलांडून गेलतास. काशी तर ह्या अंगाला हाय. मावंदं घातलंच पायजे." तात्यांना हे एकदम पटलं, कारण एवढे श्रोते एका जागी पुन्हा कुठे मिळणार? प्रश्न गंगेचा होता. काकीच्या पिशवीत तिकडच्या तळ्याकाठी भरून घेतलेली पाण्याची अर्धी बाटली सापडली. भटजींनी बाटली उजेडात धरून विचारलं, "पाणी गोडं हाय न्हवं? मग चालतंय." ते पाणी तांब्याच्या गडूत ओतलं, गडूला हळदकुंकू लागलं, आणि कोडोलीची भाऊकी त्याला रांगेनं नमस्कार करून गेली. "परदेशाचं मावंदं आणि मटण न्हाय?" एवढीच काय ती कुरकुर झाली.

पंगत बसली. पुरणपोळ्या वाढून झाल्या आणि तात्यांनी घाट चढायला घेतला. बर्फ, धुकं, एका बाजूला दरी. भाऊकीतले सगळ्यात वडीलधारे बापूदादा, ज्यांनी जन्मात बैलगाडीशिवाय काही हाकलं नव्हतं, ते घास थांबवून ऐकत होते. त्यांनी अगदी कौतुकानं विचारलं, "तात्या, चढ लई असंल. कितव्या गेरात घेतलास?"

"दुसऱ्या," तात्या म्हणाले. "वर वर तर पार पयल्यात."

"तिला गेरच न्हवता," काकी म्हणाली.

ती कटाच्या आमटीचं पातेलं घेऊन पंगतीच्या मधोमध उभी होती. तिनं हे भांडायला म्हटलं नव्हतं. आमटी हवी का विचारावं तशा आवाजात म्हटलं होतं. बापूदादांनी तिच्याकडे वळून बघितलं. "गेर न्हाय म्हंजे? आणि तुला गं काय ठावं?"

"ती आपली आपण बदलती. मीच चालवलीया की."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या तोंडात पुरणपोळी होती. मी मान हलवली, आणि पहिल्यांदाच मला ती हलवताना बरं वाटलं.

तात्यांनी "तूप वाढ" म्हणून ताट पुढे केलं. तूप पडलं, त्यांनी पोळीवर ते नीट पसरलं, आणि मग एकदम म्हणाले, "तकडं ट्रॅक्टरवाल्याला मोटार देत न्हाईत बापूदादा." आणि त्यांनी काउंटरची सगळी गोष्ट सांगितली. ती मुलगी कशी लायसन उलटसुलट करत होती, ट्रॅक्टर म्हणजे काय हे आपण तिला उसाच्या मोळ्यांसकट कसं समजावलं, आणि ती कशी म्हणाली की सर, आमच्याकडे ट्रॅक्टर भाड्यानं मिळत नाही. भाऊकी हसून हसून लोळली. बर्फाच्या गोष्टींना कधी एवढी दाद मिळाली नव्हती. पण हसणं ओसरल्यावर कुणीतरी म्हणालं, "मग आता कोल्हापुरात बी वैनीच्याच हातात गाडी म्हणायची!" आणि दुसऱ्यांदा जे हसले ते तात्यांना हसले. त्यांचा चेहरा पडला.

पाहुणे गेल्यावर काकी भांडी आवरत होती. तात्या दारात येऊन उभे राहिले. म्हणाले, "केलंस न्हवं माझं हसं?"

"तुमचं हसं करायला बोलले न्हाय मी," काकी म्हणाली. "मला आईकडं जायाचंय. आई न्हाय ऱ्हायची आता फार दिस."

सकाळी काकीच्या चहाच्या कपाशेजारी किल्ली होती. तात्या पेपरात तोंड घालून म्हणाले, "डिझेल अर्ध्यावर हाय. बांबवड्याच्या अलीकडं भरून घे."

काकी गाडी बाहेर काढत होती तेव्हा अख्खी गल्ली दारात उभी होती, आणि तात्या फाटकात उभे राहून "लेफ घे, लेफ घे" म्हणून हात हलवत होते, तेवढाच आब राखायला. पुढे ते नेहमीचंच झालं. काकी आठवड्यातून दोनदा मलकापूरला जायची. कधीतरी तात्या डावीकडे बसून जायचे, आणि सासूबाईंना सांगायचे, "तुमच्या लेकीनं आणलं. मी आपला सोबतीला." लायसन काढायला ते एकदा जाऊन आले, संगणकावरच्या परीक्षेत नापास झाले आणि त्यांनी संगणकालाच दोष दिला. माणसाचा स्वभाव थोडाच जातो.

पावसाळ्यानंतर एका सकाळी मलकापूरहून फोन आला. काकीची आई गेली. काकी आदल्या दिवशीच गाडी घेऊन गेली होती. भाऊकीतून दोघांनी गाडी पाठवतो म्हणून निरोप दिला. तात्या "नगं" म्हणाले आणि मला घेऊन स्टँडवर गेले. ज्यांनी आयुष्यात बायकोला एसटीत बसू दिलं नाही ते तात्या स्वतः एसटीत बसले, सुरुवातीला तर दांडा धरून उभेच होते. बांबवडं मागे पडेपर्यंत ते खिडकीबाहेरचा रस्ता बघत होते. मग म्हणाले, "लई लांब न्हाय गं हे."

"काय, तात्या?"

"मलकापूर. मी उगंच लांब लांब म्हणत आलो."

मलकापुरात मेहुण्यांनी विचारलं, "पावणं, एसटीनं आलासा? गाडी कुटाय?" तात्या म्हणाले, "गाडी तुमच्या भणीकडं हाय. हितंच हाय की."

काकी बाहेर आली. तिचे डोळे कोरडे होते. तात्यांनी विचारलं, "भेटलीस न्हवं?"

"भेटले," काकी म्हणाली. "हात हातात हुता. मलाच बगत हुती."

तात्या ओट्यावर बसले आणि पोरासारखे रडायला लागले. एवढे की आतल्या बायका बाहेर आल्या, कुणी पाणी आणलं, कुणी पाठीवरून हात फिरवला. सासूसाठी जावयाला असं रडताना मलकापुरात कुणी पाहिलं नव्हतं. "जावई असावा तर असा," लोक एकमेकांना म्हणाले. मेहुणे त्यांना उठवायला पुढे झाले, तर काकीनं त्यांना अडवलं.

"रडू द्या त्यास्नी," ती म्हणाली. "लई रविवार साठल्यात."