फुडली मांडी फोटोक

आम्हांला कबड्डी शिकवणाऱ्या बाई कुणालाही आधी मागून बघत. मुलीला संघात घालायला बाप घेऊन आला, की त्याचं बोलणं चालू असतानाच बाई मुलीच्या पाठीमागे. बाप गोंधळून स्वतःही वळायचा. "तुमी न्हय, फक्त तिका वळूं दी," त्या म्हणत.

"फुडली मांडी फोटोक, मागली ढोपराक," हे त्यांचं सगळं शास्त्र. पुढची मांडी जोर लावते. मागची दुबळी असली, की झटक्यात थांबताना नडगी पुढे सरकते आणि गुडघा दगा देतो. माझ्या गुडघ्यानं तो आदल्या वर्षी दिलाच होता. ऐन चढाईत वळले आणि कोसळले. सूज उतरली, पण पायावरचा विश्वास गेला तो गेलाच. घरचे म्हणाले, पुरे खेळ. बाई म्हणाल्या, "खेळतलें गो तूं. मागली मांडी फुडलेच्या बरोबरीक येवं दी."

त्यासाठीचा व्यायाम असा: गुडघ्यांवर उभं राहायचं, जोडीदारणीनं मागून टाचा दाबून धरायच्या आणि कंबर न मोडता हळूहळू पुढे झुकायचं. धारगळच्या हमरस्त्याकडेच्या मैदानावर आम्हांला रांगेनं गुडघे टेकलेलं पाहताच गावात बातमी फुटली, की बाई पोरींना ख्रिस्ती लोकांची इगर्जीतली प्रार्थना शिकवतात. शेजारची मारिया तेवढी दुखावली. "इतली वायट दिंबी आमगेर कोण घालना," ती म्हणाली; दिंबी म्हणजे गुडघे टेकणं.

स्पर्धा तोंडावर असताना सरपंच लवाजम्यासह चौकशीला आले. मैदान पंचायतीचं. ते बंद झालं असतं, तर माझं खेळणंही तिथंच संपलं असतं.

"बाई, आमच्या चेडवांक ढोपरांर कित्याक बसयतात?"

"तुमी बसून पळयात, मागीर विचारात."

गाव जमलेला; माघार घेणं पदाला शोभलं नसतं. सरपंच गुडघ्यांवर बसले, टाचा मी धरल्या. वीतभर झुकेपर्यंत सरपंचांचा चेहरा उद्घाटनाचा होता, पुढे तो श्रद्धांजलीचा झाला. मग "देवा रवळनाथा!" अशी आरोळी ठोकून ते सपशेल पालथे पडले.

"आयकलात मरे?" बाई जमावाला म्हणाल्या. "आपलोच देव आयलो."

चौकशी तिथंच मिटली.

अंतिम सामन्यात शेवटची चढाई माझी. दोघींनी कंबर धरली, मी त्याच पायावर गर्रकन वळले. गुडघा टिकला, माझा हात रेषेपलीकडे गेला. धावत बाईंकडे आले, तर त्या पायरीवर बसून पाणी पीत होत्या आणि निम्मं पाणी साडीवर सांडत होतं.

"बाई, तुम्हांला खात्री नव्हती?"

"खात्री? ती सरपंचाक दाखोवपाक आसली."

पुढल्या वर्षी त्यांची वाळपईला बदली झाली. बसच्या खिडकीतून त्यांनी विचारलं, "रडतां गो?"

"छे," मी अगदी खात्रीनं सांगितलं.