मनूच्या पोटावरचा हात

आमचे मालक फौजेत नर्सिंग असिस्टंट होते. हवालदार म्हणून रिटायर झाले, पण गावात प्रत्येक फौजी मेजरच असतो. मीही मेजरच म्हणायचे. त्यांना लिहायचा कंटाळा होता, म्हणून मी लिहिते. चौथी शिकलेय, तेवढं पुरतं.

तळेघरच्या वरच्या अंगाला आमचं घर. मेजर पाचला उठायचे, साडेपाचला दाढी. माझं काम वेगळं. पोरांचं पोट दुखलं की बेंबी सरकली म्हणून लोक माझ्याकडे आणायचे. मी तेल लावून पोट चोळायचे.

भातकापणीचे दिवस होते. दुपारी दीडला शेजारची सविता सहा वर्षांच्या मनूला घेऊन आली. उलट्या, जुलाब, आणि पोटात अशी कळ की पोर दुमडली होती.

"काकी, बेंबी सरकली बघा. ठरंना म्हणून पानीबी दिलं नाय."

मी तेलाचा हात पोटावर ठेवला. मागून मेजर म्हणाले, "हात काढ."

ओरडले नाहीत. ऑर्डर होती. मी हात काढला.

त्यांनी पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली. ती लवकर बसली नाही; अंगातलं पाणी आटलं होतं.

"मने, काय खाल्लं?"

"शेंगदानं."

"कुठलं?"

तिनं कुंपणाकडे बोट केलं. कुंपण मोगली एरंडाचं. बी विषारी, चवीला शेंगदाण्यासारखी.

मेजरांनी पिकअपवाल्याला फोन लावला. "पेशंट लहान आहे. दहा मिनिटांत दारात. ओव्हर."

"निघालो की काका, ओव्हर कशाला?"

मला म्हणाले, "उकळलेलं गार पाणी, लिटरभर. सहा सपाट चमचे साखर, अर्धा मीठ. चार बिया बांधून घे, डॉक्टरला दाखवायला."

गाडीत मी चमच्याचमच्यानं पाजत होते. मनूनं ओकून टाकलं.

"दहा मिनिटं थांब. परत चालू कर."

सविता रडायला लागली. "रडू नंतर," मेजर म्हणाले. "डोकं धर तिचं."

घाटात मनूचे डोळे मिटायला लागले. मेजर तिला हाका मारत राहिले. एकदा म्हणाले, "शंकर, झोपू नको." आमच्यात शंकर कुणी नव्हता.

सरकारी दवाखान्यात सलाइन लागलं. साडेसहाला मनूला लघवी झाली. ती भूक लागली म्हणाली तेव्हा मेजर बाहेर पायरीवर जाऊन बसले. मी चहा नेला.

"शंकर कोण?"

"पोस्टवर होता. वीस वर्षांचा. जुलाब लागले. बर्फानं रस्ता बंद, सलाइन संपलं. पाणी मागत होता, पण पोटात ठरत नव्हतं. पहाटे गेला."

"कधी बोलला नाहीत."

"चहा गार होतोय," म्हणाले.

मेजरांना जाऊन आता तीन वर्षं झाली. पोट चोळायचं मी मनूला नेलं त्याच दिवशी सोडलं. पोरं अजून आणतात. आधी काय खाल्लं ते विचारते, पाणी पाजते, गाडी बोलावते.

पितृपक्षात मेजरांच्या पानाशेजारी शंकरचं पान वाढते. त्याचं आडनाव, गाव, जात मला ठाऊक नाही. जावा कुरकुरतात. कुरकुरू देत. त्याच्या पानाजवळ मी तांब्या काठोकाठ भरून ठेवते.