बॉटच्या जागी बसलेले काका

नायगावच्या आमच्या टॉवरमध्ये समोर राहणारे काका बोलताना वाक्य अर्ध्यावरच सोडतात. "आज पानी, म्हनजे…" एवढं म्हणून आत जातात. उरलेलं आपण जुळवून घ्यायचं.

मोबाइलवरच्या एका खेळात चित्रातले पक्षी जमवायचे असतात. एकाच जातीचे दोन झाले, की जास्तीचा देऊन दुसरा घ्यायचा. ही अदलाबदल आपोआप करणारा बॉट, म्हणजे छोटासा प्रोग्रॅम, काकांनी बनवलाय. हा खेळ खेळणाऱ्या कुठल्या कुठल्या गावच्या अनोळखी लोकांचा चॅट ग्रुप त्याच्या जिवावर चालतो. बॉट कोणाचा, हे तिथे कोणालाच ठाऊक नाही.

रविवारी दुपारी त्यांचा डबा परत द्यायला गेले, तर काका वाकून दोन बोटांनी टाइप करत होते, "तुमची अदलाबदल पूर्ण झाली. धन्यवाद." वाक्य पूर्ण, शुद्ध, पूर्णविरामासकट. बॉट सकाळीच बंद पडला होता, आणि तेव्हापासून हे स्वतःच बॉट होऊन बसले होते.

"अहो, सांगून टाका ना त्यांना!" मी वैतागले.

"मानूस हाय कळलं, की मागायला लाजतील. बॉटला कोन लाजतं?"

तेवढ्यात ग्रुपवर कोणीतरी लिहिलं, "बॉट आज फार हळू चाललाय. दमला की काय?" खाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग लागली.

काकांनी सावकाश टाइप केलं, "बॉट दमत नाही. पुढचा पक्षी पाठवा."

मग डोळे चोळत मला म्हणाले, "जरा पानी देतेस? माझ्याच्यानं उठवत नाय."