धक्का न देणारी बंदूक

आमचा अर्बाब, म्हणजे ओमानातला आमचा मालक, कुठलीही वस्तू घ्यायच्या आधी ती माझ्यावर लावून बघायचा. चप्पल घ्यायची तर आधी माझ्या पायात. खुर्ची घ्यायची तर आधी मी बसणार. खोकल्याचं औषध आणलं तरी पहिलं झाकण मला. बोलायचा, "तुझ्यावर चाललं तर कुणावर पण चालेल." माझ्या आईचं पण माझ्याबद्दल हेच मत होतं, फक्त ती हे हसून बोलत नसे.

खाबुऱ्याला त्याची खजुराची आणि लिंबाची मोठी बाग होती, आणि मी ड्रायव्हर. चौथी नापास. अक्षर म्हणून काही वाचता येत नाही. अर्बाबला हे कधी सांगितलं नव्हतं. पण गाडीत तो मागे न बसता माझ्या बाजूला बसायचा आणि रस्त्यावरचे बोर्ड स्वतःशीच पुटपुटल्यासारखे वाचायचा. "सोहार इकडे. मस्कत तिकडे." मला वाटायचं, म्हाताऱ्याला सवय आहे. एवढी अक्कल मला.

तो आमच्याशी हिंदीत बोलायचा. मी मराठीतच सांगतो, कारण माझं हिंदी ऐकलं तर तुम्ही पुढचं ऐकणार नाही.

कामाला लागलो त्या दिवशी त्याच्या बैठकीत भिंतीवर जुनी दुनळी बंदूक बघितली आणि माझी जीभ सुटली. गावी गुहागरला आमच्या मामाकडे ठासणीची बंदूक होती. मी बोललो, मामा आणि मी मिळून डुकरं मारायचो. अर्बाबने विचारलं, किती? मी बोललो, मोजली नाहीत. ते खरंच होतं, शून्य कोण मोजतो? मी हाकाऱ्यात डबा वाजवायला असायचो, आणि डुक्कर दिसलं की डबा खाली, मी काजूच्या झाडावर. एकदा तर झाडावर पण लेंगा ओला केला. पण त्या दिवसापासून अर्बाब मला सुरेश सोडून 'सय्याद' बोलायला लागला. सय्याद म्हणजे शिकारी. मी पण छाती काढून ओ द्यायचो.

शुक्रवारी नमाज आणि जेवण झालं की अर्बाब आणि त्याचे दोन भाऊ बागेमागच्या कोरड्या ओढ्यात रिकामे डबे मांडून नेम धरायचे. तिघांचं लायसन होतं. आयुष्यभराची त्यांची चुरस. जो हरेल त्याने बाकीच्यांना कावा, म्हणजे त्यांची बिनदुधाची कॉफी, ओतायचा, लहान भावासारखा उभा राहून. अर्बाब सगळ्यात मोठा, सत्तरीचा. दोन हजार चौदाच्या थंडीत तो लागोपाठ हरायला लागला. बार काढला की उजवा खांदा धरून बसायचा. ओतताना कावा पेल्याबाहेर जायचा, आणि भाऊ दुसरीकडे बघायचे.

त्याचा मुलगा सालिम मस्कतला बौशरमध्ये ऑफिसात होता, शिकलेला. तो बोलला, बाबा, हॉस्पिटलला चला. अर्बाबने माझ्याकडे बोट केलं. "घरात बंदूकवाला बसलाय. सय्याद, तू सांग."

आता मी काय सांगणार? बोललो, हा बंदुकीचा धक्का, अर्बाब. आमच्या मामाचा खांदा आठ-आठ दिवस निळा असायचा. मिठाची पुरचुंडी गरम करून शेकायचा, खलास. रोज संध्याकाळी मी शेकायला लागलो. बापाने ड्रायव्हरचं ऐकलं, हे सालिमने गिळलं.

शेकून काही होईना, तेव्हा नवी बंदूक घ्यायचं ठरलं. शिकारीचीच, पण ऑटोमॅटिक, धक्का कमी देणारी. आम्ही सीबच्या जुन्या बाजारात गेलो. दुकानात काउंटरवर रफीकभाई, आमच्या कोकणातले, श्रीवर्धनचे, माझ्या ओळखीचे. त्यांनी तीन मांडल्या. पहिली हलकी. तिचं दुसरं काडतूस पहिल्याच्या धक्क्यानेच वर येतं, त्यामुळे खांद्याला लागणारच. दुसरी काडतुसाच्या गॅसवर चालणारी, थोडा धक्का तिथेच खर्च होतो. तिसरी पण गॅसवर, वर तिच्या खांद्याला टेकणाऱ्या दस्त्यात मोटरसायकलला असतो तसा शॉक-अब्सॉर्बर आणि मागे जाड रबर. पण वजनाला सगळ्यात भारी.

अर्बाबने त्याच्या रिवाजाप्रमाणे तिन्ही रिकाम्या बंदुका माझ्या खांद्याला लावल्या आणि समोरून नळीवर तळहाताने मारलं. पहिलीला मी कपाटावर आदळलो. दुसरीला तोंडातून 'आई' आलं. तिसरीला दस्ता आत दबला आणि कुणी उशी ठेवल्यासारखं वाटलं. दुकान हसत होतं, मी पण.

अर्बाब वजन तोलत असताना रफीकभाईंनी मला बाजूला घेतलं आणि मराठीत विचारलं, "शेवटचा बार कधी काढला यांनी?"

मी बोललो, महिना झाला, खांद्यामुळे बंद आहे.

"आणि तरी दुखतोय? सुरेश, बंदूक न चालवता दुखणारा खांदा बंदुकीचा नसतो रे. गिऱ्हाईकाला मी हे कसं सांगू? तू सांग, तुझं ऐकतात ते."

मला तेव्हाच समजलं. नाही समजलं असं मी बोलणार नाही. पण मग सय्याद कोण? ज्याला बंदुकीचा मारही ओळखता येत नाही, तो कसला शिकारी? अर्बाबने विचारलं, काय बोलतो हा? मी बोललो, भारी आहे तीच घ्या बोलतो.

पहिल्या शुक्रवारी अर्बाबने पाचच्या पाच डबे पाडले. बंदूक खाली करून माझ्याकडे बघत राहिला. "सय्याद, धक्काच नाही. कोणी हात ठेवल्यासारखं." त्या दिवशी भावांनी कावा ओतला. संध्याकाळी मी पुरचुंडी घेऊन गेलो तर तो भिंतीला टेकून बसलेला, ओठ चावून. दुखणं होतं तसंच, उलट खाली हातात उतरलेलं. तो बोलला, "धक्का नव्हता. मग हे काय?"

मी बोललो, जुना मार हळूहळू जातो, अर्बाब.

त्यात आणखी दोन महिने गेले. मग त्याच्या बोटांना बटण लावता येईना, तेव्हा सालिमने विचारणं बंद केलं आणि हॉस्पिटलला नेलंच. गाडी मी चालवली. त्या दिवशी अर्बाबने एकही बोर्ड वाचला नाही. मस्कतमध्ये मी दोनदा चुकीच्या रस्त्याला लागलो, तेव्हा मला कळलं की ते सगळे दिवस तो कोणासाठी वाचत होता.

फुप्फुसाच्या वरच्या टोकाला गाठ होती. ती तिथे असली की दुखतं खांद्यात. सालिम बाहेर आला आणि त्याने मला एवढंच विचारलं, "किती महिने शेकलंस?" मी बोललो, सहा. तो ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं.

आता उशीर झाला बोलून डॉक्टरांनी घरी पाठवलं. दवाखान्यात असते तसली लोखंडी खाट बैठकीत लावली, डोकं वर-खाली होणारी. अर्बाब खुर्चीत होता, अर्धा झालेला. मला बोलला, "आधी तू झोप."

मी झोपलो. सालिम उठून बाहेर गेला. भिंतीवर दुनळीच्या खाली नवी बंदूक टांगलेली. अर्बाब माझ्या उशाशी बसून होता, जसा मी आजारी आणि तो भेटायला आलेला.

"सय्याद, किती डुकरं मारलीस रे?"

"एक पण नाही, अर्बाब. मी झाडावर असायचो."

"माहीत आहे. पहिल्याच दिवशी तू दुनळीच्या तोंडात डोळा घालून बघत होतास." त्याला हसायचं होतं, खोकला आला. "डॉक्टरकडे मला पण जायचं नव्हतं. तू बरं बोलायचास."

हे खरं होतं, की मला हलकं करायला बोलला, ते मला आजपर्यंत कळलेलं नाही. कोणाला विचारू?

मग त्याने विचारलं, "खाट कशी आहे? आता खरं सांग."

मी बोललो, "कडक आहे, अर्बाब. मधली पट्टी पाठीत रुतते."

त्याने सालिमला हाक मारली आणि खाट बदलायला सांगितली. दुसरी यायला चार दिवस लागले. माणसांनी ती आणून बैठकीत जोडली तेव्हा कोणी सांगायच्या आधीच मी तिच्यावर झोपून बघितलं. चांगली होती. कुठेच रुतत नव्हती. पण ते सांगायला खुर्चीत कोणी नव्हतं. आदल्या दिवशीच आम्ही त्याला माती देऊन आलो होतो.