खोल पाण्याचा ठराव

गेल्या बैठकीत ओक-सुनने मान डोलावली आणि आपल्याच हाताने खोल पाणी घालवलं. श्वास रोखून समुद्रातून शंख-शिंपले काढणाऱ्या जेजू बेटावरच्या बायकांत पन्नास वर्षं तिचा दरारा. पण समुद्राने कान नेले, तशी ती बैठकीत नुसती हो-हो करायला लागली. ऐकू येत नाही, हे कबूल कोण करणार? भिंतीवर ठरावाचा कागद लागला तेव्हा कळलं: ओक-सुनने यापुढे 'आजीच्या समुद्रात', म्हणजे थकलेल्या म्हाताऱ्यांसाठी राखलेल्या काठच्या उथळ पाण्यात उतरावं.

आज ती तो ठराव मोडायला आली होती.

कपडे बदलायच्या खोलीत बाजार भरला होता. पत्र्यावर वारा, कोपऱ्यात पंप, आणि वीस बायका. सगळ्याच कानाने जड, म्हणून सगळ्याच ओरडणाऱ्या. कानातलं मशीन अशा ठिकाणी पंप आणि माणूस एकाच मापाने ओततं. लेकीने शहरातून पाठवलेला बोटाएवढा माईक ओक-सुनने प्रमुख म्योंग-जाच्या हातात कोंबला.

"यात बोललेलं थेट माझ्या मशीनमध्ये येतं. हा जिच्या हातात, तिनेच बोलायचं. बाकीच्या गप्प."

"सामचून, ऐकू येतंय?" म्योंग-जाने विचारलं. तिथे वडीलधाऱ्यांना असंच म्हणतात.

ओक-सुन दचकली. इतक्या जवळून तिच्याशी कित्येक वर्षांत कुणी बोललं नव्हतं.

"येतंय. आता सांगा, मी कुणाच्या डोळ्यात खुपते? तुमच्यातल्या निम्म्या जणींपेक्षा माझी जाळी अजून जड भरते!"

कुणीच भांडेना. माईक हातोहात सरकत राहिला; जिच्याकडे जाई ती खाली बघून पुढे ढकली. शेवटी तो चुन-ह्वाकडे आला. तीस वर्षांची जोडीदारीण. एकीने बुडी मारली की दुसरीने तिच्या तरंगत्या फुग्यावर नजर ठेवायची. महिनाभर ती ओक-सुनशी धड बोलली नव्हती.

"त्या दिवशी वारं फिरलं," चुन-ह्वा म्हणाली. "सगळ्या तुला हाका मारत होतो. तू परत खाली गेलीस. मी तुझ्यामागे आले, ओक-सुन. दम संपला माझा. वर येताना डोळ्यांपुढे अंधारी आली. म्योंग-जाने दंडाला धरून ओढलं, म्हणून आज इथे बसलेय."

"मला सांगायचं नाहीस, मेले?"

"सांगितलं की! बैठकीत, सगळ्यांसमोर. तू हसून हो-हो म्हणालीस. मला वाटलं, हिला माझ्या जिवाचं काहीच नाही."

ओक-सुनला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मशीन काढल्याशिवाय पाण्यात उतरता येत नाही. तिथे हा माईक काय कामाचा, आणि हाका कोण ऐकणार?

म्योंग-जाने माईक परत घेतला. "सामचून, ठराव रद्द करायला मांडू का?"

"नको. गेल्या वेळचाच वाच. सावकाश."

म्योंग-जाने वाचला. ओक-सुनने शेवटपर्यंत ऐकला. मग चुन-ह्वाकडे बघत मान डोलावली.